लॉक हुई क्या?

नवघरला आमचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या डोक्यावर. खाली कुणी गाडी लॉक केली की हॉर्न वाजतो तो थेट आमच्या बेडरूममध्ये. एकदा वाजून भागत नाही. लिफ्टपाशी पोचल्यावर मेल्यांना शंका येते, मग तिथूनच पुन्हा रिमोट दाबतात. स्वतःच्या बोटावर भरवसा नाही! दुपारी आईचा जरा डोळा लागतो आणि ती दचकून उठून बसते.

हात जोडून पाहिले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून पाहिलं. "भाभी, कन्फर्म करना पड़ता है ना," चौथ्या मजल्यावरचे शेजारी हसत म्हणाले. घरी येऊन मी रडले.

काल दुपारी बेल वाजली. दारात तेच शेजारी. आज यांना झापतेच, म्हणून मी तोंड उघडलं, तर तेच घाईघाईने म्हणाले, "भाभी, फोन चालू था, ध्यान नहीं रहा. मेरी गाड़ी लॉक हुई क्या? आवाज़ आया?"

"हुई," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते निश्चिंत होऊन वर गेले. मी आत आले, तर आई पलंगावर टक्क जागी.

"झोप ना गं."

"यांचा वाजला. त्या पांढऱ्या गाडीचा अजून वाजायचाय," ती म्हणाली. "तो वाजला की झोपते."