गयाबाईची पहिली जुडी

रोज सकाळी सातला एमआयडीसीचा भोंगा वाजला की बबन दाढीचा ब्रश हातात तसाच धरून त्याच्या सुरात सूर मिसळायचा आणि भोंगा थांबेपर्यंत सोडायचा नाही. तीस वर्षं केमिकलची पिंपं धुऊनही आवाज खणखणीत. जयंतीच्या गाण्यांना पार बदलापूर गावातून त्याला बोलावणं यायचं.

म्हणूनच ऋता त्याच्याकडे आली. कारखान्यांचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या पालकात शिसं किती उतरतं, हे तिचं संशोधन. तिला वाटलं, अहवाल कुणी वाचणार नाही, गाणं ऐकतील. पण नमुने मागायला गेली तर मळेवाल्यांनी तिला हाकलून दिलं. तेव्हा बबनने आपल्या विधवा बहिणीला, गयाबाईला गळ घातली. ती नाल्याकाठच्या पट्टीत पालक लावून स्टेशनबाहेर विकायची. तिने जुडी दिली, पैसे घेतले नाहीत. तिचं बघून आणखी चौघांनी दिल्या.

शिसं पाचही मळ्यांत निघालं. सगळ्यात कमी गयाबाईच्या. ऋताने मळ्यांना नुसते आकडे दिले होते. नाव कुणाचंच बाहेर येणार नाही, असा तिचा शब्द होता.

बबनच्या गाण्याची रीत मात्र वेगळी. ज्याने हात सैल सोडला त्याचं नाव गाण्यात आलंच पाहिजे, नाही आलं तर तो अपमान. मांजर्लीतल्या एका सोसायटीत पहिला कार्यक्रम झाला आणि रंगात येऊन त्याने कडवं जोडलं :

पहिली जुडी तपासाया दिली, बहीण माझी गयाबाई
पालकामधी शिसं निघालं, धुतलं तरी जात नाही

टाळ्या थांबेनात. ऋताही मोबाइलवर शूटिंग करता करता डोलत होती. चार दिवसांत तो व्हिडिओ घरोघरी पोचला. पुढे तिने व्हिडिओतून कडवं कापलं, तोवर ते पोरांच्या तोंडी बसलं होतं. तिला संशोधनाबद्दल पुण्याला बक्षीस मिळालं.

गयाबाईच्या शेजारी बसणारा जनू त्याच नाल्याचा पालक विकायचा. गिऱ्हाईक आलं की तो मोबाइल मोठ्याने लावायचा.

"मावशी, तुझं गाणं लागलं बघ. फेमस झालीस."

आठ दिवस तिची एक जुडी खपली नाही. ती बबनकडे आली, उंबऱ्यातच उभी राहिली.

"दादा, माझं नाव काढ त्यातून."

"अगं, मानाने घेतलं मी."

"मानाने घेतलंस. आता काढ."

गाणं आता त्याच्या हातात कुठे होतं? त्याने नवं कडवं रचलं आणि माइक घेऊन तिच्याच पाटीपुढे उभा राहिला. गयाबाईच्या पालकात सगळ्यात कमी शिसं, असं गाऊ लागला. लोक पोट धरून हसले. गयाबाईने पाटी उचलली, ती पुन्हा मांडली नाही. मांजर्लीत चार घरची भांडी घासू लागली. जिन्यात पोरं तिला बघून तेच कडवं म्हणायची. भावाशी तिने बोलणं टाकलं.

वर्षाने बबनच्या फुप्फुसांनी हात टेकले. उल्हासनगरच्या दवाखान्यात आठवडा गेला, तेव्हा सून संध्या जाऊन आत्याला घेऊन आली. गयाबाईने डबा आणला होता. तिने चमच्याने भात भरवला. तिची माफी मागायची, हे त्याने आठवडाभर मनात घोळवलं होतं. दोन घास गिळून त्याने तोंड उघडलं. ती थांबली, चमचा तसाच हातात धरून.

"मीठ कमी पडलंय गं," तो म्हणाला.