झरीच्या रस्त्यावरची गाणी

नोकरीत मी दंगली पाहिल्या, विहिरीतून प्रेतं काढली, कुऱ्हाड घेऊन अंगावर धावून आलेला माणूसही पाहिला. त्या सगळ्यांत मिळून जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या एका संध्याकाळी वाटली.

तेव्हा मी मारेगाव आणि झरी जामणीच्या मधल्या पट्ट्यात ठाणेदार होतो. आमच्या हद्दीतून सागाच्या जंगलातला एक अरुंद रस्ता जात असे. त्या रस्त्यावर वाघ दिसू लागला, दोन-चार गाई गेल्या, आणि लोकांनी एक पद्धत पाडली. मोटारसायकलच्या हॅण्डलला स्पीकर बसवायचा आणि जंगल लागलं की मोठ्यानं गाणी लावायची. आवाज ऐकून वाघ बाजूला होतो, असा सगळ्यांचा विश्वास. कोणी भजनं लावी, कोणी लग्नातली डीजेची गाणी. वाघाला कोणतं गाणं सोसत नाही, यावर चहाच्या टपरीवर तावातावानं वाद चालत. मीही हसून सोडून देत असे.

मग एका सकाळी त्या रस्त्याच्या कडेला एक तरुण मेलेला सापडला. गावात बोंब झाली, वाघानं माणूस मारला. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला आणि पंचनाम्याला गेलो. वनविभागाची माणसं पंज्यांचे ठसे शोधत फिरत होती. आमच्या आधी तिथं एक बाई पोचली होती, आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर. स्कूटी त्या रस्त्यावर टिकत नाही म्हणून ही बाई सरळ नवऱ्याची मोटारसायकल चालवायची आणि जंगल लागलं की स्पीकरवर लग्नाची गाणी लावायची. गावोगावची बाळंतपणं तिच्याच हातची.

तिनं मला बाजूला घेतलं. "साहेब, हे वाघाचं काम नाही. वाघानं धरलं असतं तं दात लागले असते. गळ्यावर पाहा, सरळ वळ आहे. दोरीचा."

मुलाची मोटारसायकलही जागेवर नव्हती. वाघ गाडी घेऊन जात नाही, एवढं मलाही कळत होतं. शवविच्छेदनात सिस्टरचं म्हणणं खरं निघालं आणि आम्ही खुनाचा गुन्हा नोंदवला.

ही बातमी पसरली तशी लोकांची भीती दुप्पट झाली. जंगलात वाघ आहे आणि माणूसही आहे. लोकांनी गाण्यांचा आवाज आणखी वाढवला. मी सिस्टरला म्हटलं, "चार दिवस त्या बाजूला जाऊ नका." ती म्हणाली, "बाळंतपण चार दिवस थांबते काय, साहेब?"

काही दिवसांनी दुपारी मारेगावच्या एका मेकॅनिकचा फोन आला. मुस्लिम वस्तीतला जुना, भरवशाचा माणूस. परिसरातल्या निम्म्या गाड्यांना स्पीकर त्यानंच बसवले होते. "साहब, जल्दी या. त्या पोराची गाडी माह्या दुकानात उभी आहे. नंबर बदलवला, स्पीकर काढला, पण वायर मीच जोडलेली आहे."

गाडी घेऊन आलेल्या माणसाला आम्ही ताब्यात घेतलं. मेकॅनिकनं त्याला चहा पाजून बसवून ठेवलं होतं.

ठाण्यात आणल्यावर तो तोंड उघडेना. गाडी विकत घेतली, एवढंच म्हणे. चौकशीत माणूस सहसा दाराकडे पाहतो, नाहीतर ओरडणाऱ्या शिपायाकडे. हा मात्र सारखा खिडकीबाहेर पाहत होता. ऊन कुठवर उतरलं ते पाहत होता. मी आवाज न चढवता विचारलं, "त्या जंगलात कोण बसलं आहे?"

तो दचकला. मी शिपायाला बाहेर काढलं आणि त्याला पाणी दिलं. मग तो रडायला लागला. जोडीदार जंगलात होता. दोरीचं एक टोक सागाला बांधून दोरी रस्त्यावर मातीत टाकून ठेवायची, दुसरं टोक धरून झुडपात बसायचं, गाडी आली की ताणायची.

"एवढ्या गाड्या जातात," मी म्हटलं. "एकटा माणूस कोणता, हे वळणापलीकडून कसं समजतं?"

"दोघं असले तं बोलत येते, साहेब," तो म्हणाला. "गाणं लावून येते तो एकटाच असते. आन् भेलेला असते."

सिस्टर सकाळीच त्या बाजूला गेली होती आणि तिची परतीची वेळ झाली होती. फोन लावला. जंगलात रेंज नाही, लागला नाही. जीप काढली.

रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य सागांच्या मागे गेला होता. इंजिनच्या आवाजातूनही ते ऐकू आलं, समोरून, वळणांच्या पलीकडून. लग्नाचं गाणं. तीच होती. दोरीवाला आमच्या आणि तिच्या मध्ये कुठंतरी दबा धरून बसला होता.

मी सायरन लावायला सांगितला. हवालदार म्हणाले, "साहेब, सायरन नको. हातचा पळून जाईल."

"पळू दे," मी ओरडलो.

सायरन सुरू झाला आणि क्षणभरात समोरचं गाणं बंद पडलं.

मी जीपमध्ये उभा राहिलो. ड्रायव्हरला काय बोललो ते आठवत नाही. मधली दोन वळणं संपता संपेनात. त्या पोराच्या गळ्यावरचा वळ डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी खचलो होतो, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

वळण पार झालं. सिस्टर रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून, एक पाय टेकून उभी होती. सायरन ऐकून तिनंच गाणं बंद केलं होतं. तिच्या पुढच्या चाकासमोर, दोन हातांवर, मातीत दोरी सैल पडली होती. झुडपात कोणी नव्हतं. दोरीवाल्याला आम्ही दुसऱ्या दिवशी धरलं.

मी तिला सगळं सांगितलं. ती दोरीकडे पाहत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "साहेब, आता मी गाणं लावू का नको लावू? न लावलं तं वाघ आहे."

आम्ही जीप तिच्या मागं ठेवली आणि तिला घरापर्यंत पोचवलं.

पुढं आम्ही जंगलाच्या दोन्ही तोंडांना माणसं बसवली. एकटा आला की थांबवायचं, दुसरा आला की दोघांना सोबत सोडायचं. घाबरलेला माणूस धीर यावा म्हणून जे करतो, तेच गुन्हेगार टिपत बसलेला असतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. अशा माणसाला नुसतं 'सावध राहा' सांगून पोलिसाचं काम संपत नाही. त्याला सोबत द्यावी लागते.

आता मी यवतमाळला राहतो. संध्याकाळी एखादा मुलगा मोटारसायकलवर मोठ्यानं गाणं लावून आमच्या गल्लीतून जातो, तेव्हा शेजारी चिडतात, माझ्याकडं तक्रारही करतात. मी फाटकाशी येऊन उभा राहतो. तो आवाज दूर जाऊन पुरता विरेपर्यंत मला घरात जाववत नाही.