भामाबाईंच्या हातचा घास

तेलगावजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत भामाबाईंनी एकतीस वर्षं काढली. जे लेकरू जेवायचं नाही, ते त्यांच्याकडं यायचं. तोंड मिटून बसलेल्या पोराला त्या मांडीवर घ्यायच्या, डाव्या हातानं गाल हळूच दाबायच्या आणि खिचडीचा घास आत सरकवायच्या. पोरगं रडायचं, थुंकायचं. तोवर त्यांचा दुसरा घास तयार असायचा. वजनाच्या दिवशी काटा दोनशे ग्रॅमनं जरी पुढं सरकला तरी त्या दिवसभर खुशीत असायच्या. त्यांच्या हातची लेकरं मोठी झाली, पोरी लग्न होऊन गेल्या, आणि माहेरी आल्या की आपली लेकरं घेऊन त्यांच्याच दारात उभ्या राहायच्या. "बाई, हे काईच खात न्हाई बगा."

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी जालिंदरला लकवा मारला. जालिंदर म्हणजे त्यांचे मालक, गवंडीकाम करणारे. वस्तीवरची अर्धी घरं त्यांच्या हातची. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. शब्द म्हणून दोनच उरले, 'हां' आणि 'नगं'. भामाबाई त्यांना सगळं पातळ करून चमच्यानं भरवायच्या, कारण जरा घट्ट गेलं की ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. एकुलती एक लेक यशोधरा संभाजीनगरला दवाखान्यात नर्स होती. महिन्याकाठी यायची, बापाचं बीपी बघायची, गोळ्या लावून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी असते म्हणून लगेच निघायची.

मार्चमध्ये रस्ता रुंद करायला फाट्यावरचा जुना कडुलिंब पाडला. त्याच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं होती. दोन तिथंच गेली. तिसरं विजयमालानं पदरात गुंडाळून आणलं. ती अंगणवाडीतली मदतनीस, भामाबाईंसोबत अठरा वर्षं काम केलेली.

"बाई, हे जगलं तर तुमच्याच हातानं जगंल."

पिल्लाच्या अंगावर पिसं नव्हती, नुसते काटे फुटले होते. डोकं मोठं, पोट मोठं, मान काडीएवढी. असली अंगकाठी भामाबाईंच्या चांगली ओळखीची होती. त्यांनी लगोलग ते गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या शिवशंकर डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

"दूध बिलकूल न्हाई. हरभऱ्याची डाळ शिजवून, गाळून, कोमट. सुई काढलेल्या सिरिंजनं चोचीच्या कडंनं थेंब थेंब घाला. गळ्याखालची पिशवी रिकामी झाल्याबिगर पुढचं न्हाई. आन् हे बगा, पोपट घरात ठेवायला कायद्यानं बंदी हाय. उडाया लागला की वनखात्याला कळवा. तवर मोठा होईल, तसा तो आपणहून सिरिंजपासून तोंड फिरवंल. थोडं वजनबी उतरंल. त्या टायमाला मागं लागू नका."

"बरं साहेब," भामाबाई म्हणाल्या. दुधाचं त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं. बाकीचं ऐकलं तेवढंच.

खोक्यात जुनी बंडी अंथरून पिल्लू जालिंदरच्या खाटेशेजारी ठेवलं. दर तीन तासांनी भामाबाई सिरिंज घेऊन बसल्या की ते पंखांचे खुंट हलवत, डोकं वरखाली करत ओरडायचं, आणि पोटात गेलं की बसल्या जागी पेंगायचं. एकदा पिल्लानं सिरिंज सोडून भामाबाईंचं बोटच चोचीत धरून खेचलं. खाटेवरून घरघर ऐकू आली. त्या दचकून वळल्या तर जालिंदर हसत होते, अर्ध्या तोंडानं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"रा...घू," ते म्हणाले. तिसरा शब्द.

त्या दिवसापासून घरात जरा उजेड आल्यासारखं झालं. पिसं फुटली, शेपूट लांबलं. जालिंदर डाव्या हातानं उकडलेली शेंग फोडायचे, दाणे ताटलीत टाकायचे. राघू खाटेच्या कडेवर चढून एकेक दाणा उचलायचा, चावायचा, फेकून द्यायचा. पेरूची फोड, कोथिंबिरीची काडी, भिजवलेले हरभरे, सगळ्याचा नुसता चोथा करायचा. चादर घाण व्हायची. भामाबाई रोज धुवायच्या आणि एका शब्दानंही कुरकुरायच्या नाहीत.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्या त्याला रोज सकाळी तोलायच्या. एकशे अठ्ठावीसपर्यंत गेलेला आकडा एप्रिलच्या शेवटी उतरायला लागला. एकशे चोवीस. एकशे वीस. राघू सिरिंज बघितली की मान झटकायचा, तोंडात गेलेलं भिंतीवर उडवायचा. पंख फडफडवून खिडकीपर्यंत जायचा आणि परत खाटेवर यायचा. पोटात काय जातंय ते दिसत नव्हतं. दिसत होता फक्त आकडा.

एकशे चौदा झाले त्या सकाळी भामाबाईंना राहवलं नाही. त्यांनी राघूला टॉवेलात धरलं.

"नगं," खाटेवरून जालिंदर म्हणाले.

"तुमी गप बसा हो. दोन घास जाऊ द्या, मग सोडते."

राघू ओरडत होता. चोच उघडली होती. एकतीस वर्षं याच क्षणाला घास आत गेला होता. भामाबाईंनी सिरिंज दाबली.

ओरडणं मधेच तुटलं. नाकाच्या भोकांतून पिवळा फेस आला. त्यांनी त्याला उलटा धरला, झटकला, पाठ चोळली. दोनदा चोच उघडली, मग मान टॉवेलाच्या बाहेर लोंबली. जालिंदर सगळं बघत होते. त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही आणि भामाबाईंनीही भरवलं नाही. संध्याकाळी परसात शेवग्याखाली त्यांनी खड्डा केला. विजयमालाला सांगितलं, उडून गेला.

ऑगस्टमध्ये जालिंदर तोंड मिटायला लागले. आधी चार चमचे, मग दोन, मग नुसते ओठ ओले. यशोधरा रजा टाकून आली आणि त्यांना बीडला दवाखान्यात घेऊन गेली. नाकातून नळी घातली. त्यांनी डाव्या हातानं उपसून काढली. परत घातली, परत काढली.

"आता हात बांधावा लागंल," यशोधरा म्हणाली. "मऊ पट्टी असती आई. आमी रोज बांधतो."

जालिंदर भामाबाईंकडं बघत होते. भामाबाईंच्या तळव्यात काहीतरी धडपडल्यासारखं झालं आणि त्यांनी मूठ मिटली.

"हात बांधायचा न्हाई. घरी नेऊ."

"उपाशी मरतील ते!"

"मागतील ते देईन."

घरी आणल्यावर त्यांनी चमचाभर चहा मागितला, म्हणजे कपाकडं बघितलं. कधी उसाच्या रसाचे दोन थेंब. भामाबाई चमचा ओठांजवळ न्यायच्या, ओठ उघडले तर घालायच्या, मान वळली तर खाली ठेवायच्या. चमचा खाली ठेवायचं त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. शेजारणी दारात उभ्या राहून बघायच्या. सतराव्या दिवशी दुपारी जालिंदर गेले. डावा हात भामाबाईंच्या गुडघ्यावर होता.

जालिंदरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं जमली, वंदना झाली, जेवणं झाली. सगळे पांगल्यावर यशोधरा भांडी घासता घासता थांबली.

"साऱ्या गावाची लेकरं मांडीवर दाबून खाऊ घातलीस. मग माझ्या बापालाच का म्हून सोडलंस?"

भामाबाईंनी तोंड उघडलं. राघूचं सांगावं असं त्यांना वाटलं. पण बापाच्या मरणाशेजारी एका पाखराचं मरण ठेवलं तर लेकीला चीड येईल, आणि ती आली तर तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी मान वळवली, बाई. मला ती दिसली."

यशोधरा दुसऱ्या दिवशी गेली. दीड महिना फोन आला तो फक्त आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का एवढं विचारायला.

दिवाळीच्या आधी ती न सांगता आली. बॅग ठेवली, हात-पाय धुतले आणि बापाच्या रिकाम्या खाटेवर बसली.

"आई, परवा वॉर्डात एक म्हातारबा होते. नळी ओढत होते. मी पट्टी बांधली. रोजचंच काम हाय." तिनं आपली बोटं एकमेकांत अडकवली. "रात्रभर माझ्याकडंच बगत होते. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं."

भामाबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. लेकीच्या केसांत प्रवासाची धूळ होती. ती त्या बोटांनी झटकत राहिल्या.