नावाशेजारचं वजन

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर आमचा सी भाषेतला प्रोग्राम चालायचा. तो तपासायला पुण्याहून एक गृहस्थ आले. खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि एंटर दाबण्याआधी दर वेळी हात पँटला पुसत होते. भित्रा माणूस, मला वाटलं.

कोल्हारच्या दोन शेतकऱ्यांचं नाव एकच. गृहस्थ बघत असतानाच, घोळ नको म्हणून काटेवाल्याने एकाच्या नावापुढे 'नदीकडच्या मळ्यातले' असं जोडलं. नाव ठरलेल्या जागेत मावलं नाही. मेमरीत शेजारीच वजन होतं. उरलेली अक्षरं त्यावर जाऊन बसली. पडद्यावर भलतंच वजन आलं.

"पर बंद तर न्हाई पडलं, सायेब. चालू हाय की," काटेवाला हसत म्हणाला.

गृहस्थांचा चेहरा उतरला. "तीच भीती आहे. बंद पडलं असतं तर कळलं असतं."

मग त्यांनी जागेत मावेल तेवढंच नाव कॉपी होईल असं केलं आणि शेवटच्या घरात, नाव इथे संपलं हे प्रोग्रामला कळावं म्हणून, शून्य ठेवलं. तरी हात पुसणं थांबेना.

"हंगाम सुरू झाल्यापासून अशी लांब नावं कुणाकुणाची होती?" त्यांनी हळूच विचारलं.

काटेवाल्याने पैसे देऊन झालेल्या पावत्यांचा गठ्ठा पुढे ओढला. बाहेर उसाच्या गाड्या उभ्या होत्या. मी नकळत हात पँटला पुसले.