छपराची रेघ

सोमवारी संध्याकाळी देवाजी माझ्याशी भांडला आणि मंगळवारी सकाळी कारध्याच्या पुलावर एकानं माझी सायकल थांबवून सांगितलं, "देवाजी डेंटर गेला." मी चक्क हसलो. काल दाराचा पत्रा ठोकत होता, आणि आज गेला? ...महिना होत आला, अजून डोकं सुन्न आहे.

भंडाऱ्यात आमचं गॅरेज एकच. पत्र्याचं काम त्याचं, रंगाचं माझं. भांडणही वर्षानुवर्षं एकच. चिखल्याच्या खाणीतल्या एका साहेबांची बिनछपराची दोन सीटांची रोडस्टर आमच्याकडे येई, आणि कोंढ्याकडच्या एका मालगुजारांची दोन दारांची बंद कूपे. मी रोडस्टरवर फिदा. काय ते लांबलचक बॉनेट, अन् कोपर टेकवता येईल एवढं खाली दार! देवाजी मात्र कूपेच्या छपरावर तळवा ठेवून तो डिकीपर्यंत सरकवत नेई. "पाह्य, काचेपासून शेपटीपर्यंत एकच रेघ. कुठी हात अडकते का? तुह्या गाडीची रेघ दारापाशीच संपते ना बे."

बऱ्याच वर्षांपूर्वी पोराच्या वरातीसाठी मालगुजारांना कूपे उघडी करून हवी होती. देवाजीनं साफ नाही म्हटलं. "रोडस्टरचा जोर खालच्या सांगाड्यात राहते. हिचा छपरात आहे. कापलं का कमरेत वाकते." मग तो धानकापणीला गावी गेला आणि मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे... मी छप्पर कापलं. गाडी मधोमध खचली, दारं लागेनात.

मालगुजार लालबुंद होऊन आले तेव्हा देवाजी नुकताच परतला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कापलो मालक. चूक झाली." चार दिवस खपून, दारांखाली लोखंडी पट्ट्या जोडून त्यानं गाडी वरातीला उभी केली. गावभर त्याला 'छप्परकाप्या' हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आणि मी गप्प. साधी माफीही मागितली नाही मी!

त्या सोमवारीही आमचं कूपे-रोडस्टर चालू होतं. मध्येच त्यानं हातोडी खाली ठेवली. "दुसरं काही बोलाचं आहे का तुले?"

"कायले?" मी म्हणालो.

"काही नाही." तो पुन्हा ठोकायला लागला.

तेरवीला मी त्याच्या बायकोला गाठलं. "वहिनी, ते छप्पर मी कापलो होतो."

"मले माहीत आहे भाऊजी. त्याच दिवशी सांगतलं त्यायनं. म्हणे, तू काही विचारू नको, तो सोता सांगन."

म्हणजे सोमवारी तो... इतकी वर्षं तो वाट पाहत होता!

ते कापलेलं छप्पर त्यानं तेव्हाच घरी नेलं होतं; अजून त्यांच्या मागच्या अंगणात आहे. खांद्याएवढ्या चार बल्ल्यांवर टेकवलेलं, खाली पाण्याचे पितळी गुंड. मी त्यावर तळवा ठेवला आणि त्याच्यासारखा मागे सरकवत नेला. जिथं माझी करवत वेडीवाकडी चालली होती, ती कड त्यानं कानशीनं घासून ठेवली होती. हात कुठंच अडकला नाही.