दाराबाहेरचे प्रश्न

रिसर्चचा रिपोर्ट कुणाच्याच लक्षात राहत नाही, ज्यांनी लिहिला त्यांच्याही नाही. लक्षात राहतात ते किस्से. आमच्या ऑफिसात ते इतके साठलेत की नंदिनीदी, म्हणजे आमच्या बंगाली प्रोजेक्ट हेड, म्हणतात, "जो रिपोर्ट में नहीं बैठता, वो सब तेरे पेट में जाता है." खरंय ते. पुन्हा विषय असा की हसावं की नाही, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. घरात कोण कोणाला मारतं, आणि मार खाणारं माणूस स्वतःला काय समजतं, हे आम्ही फरीदाबादच्या वस्त्यांमध्ये दारोदार जाऊन विचारायचो.

आमची पद्धत आधी सांगून टाकते. बाईशी बोलायचं ते एकटीशीच. घरच्यांना सांगायचं, महिला आरोग्याचा सर्व्हे आहे. मध्येच कुणी आत आलं, की आवाज न बदलता स्वयंपाकाचे नाहीतर मुलांच्या लसींचे प्रश्न सुरू करायचे. कारण भीती एकच. आपण संध्याकाळी मेट्रो पकडून आपापल्या घरी जाणार, आणि नवऱ्याला कळलं तर मार तिला बसणार.

*

माझी जोडीदार कविता. फरीदाबादचीच, जिभेला हाड नाही. एकदा ती एका बाईशी बोलत होती, प्रश्न अगदी नाजूक जागी आलेला, आणि नवरा आला. कविताने पापणीही न हलवता विचारलं, "और दाल हफ्ते में कितनी बार बनती है?"

बाई म्हणाली, "रोज़."

नवरा तिथेच बसला. "रोज़ कहाँ? मंगल को कढ़ी थी." मग तो डाळीवर बोलला, तेलावर बोलला, गॅस कसा पुरत नाही यावर बोलला. अर्धा तास झाला तरी उठेना. शेवटी आम्हीच उठलो, तर आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मैडम, फिर आना. इतने ज़रूरी सवाल आज तक किसी ने नहीं पूछे."

पुढच्या आठवड्यात त्याची ड्यूटी बघून आम्ही पुन्हा गेलो आणि राहिलेले प्रश्न पूर्ण केले. बाईने दार उघडल्या उघडल्या सांगितलं, "आज दाल नहीं बनी."

*

पुरुषांना बाहेर गुंतवून ठेवायला आमचा सुपरवायझर दहिया असायचा. रोहतकचा आडमाप गडी, आवाज असा की कानात बोलला तरी चौकात ऐकू जावा. तो पुरुषांना नोकरी, शिफ्ट, पाण्याचा टँकर असलं काहीबाही विचारत बसायचा. एक दिवस त्यातलाच एक जण म्हणाला, "भाईसाहब, हमारी भी लिखो. मुझे भी घरवाली मारती है."

दहिया चक्रावला, पण कुतूहल कुणाला सुटलंय? त्याने विचारलं, "कब मारा?"

"पिछली होली पे. चप्पल से."

"अचानक?"

"नहीं, पहले मैंने मारा था. पर वो तो अलग बात है."

ऑफिसात यावर दोन दिवस चर्चा चालली. याला पीडित म्हणायचं का? मी म्हटलं, काय डोंबलाचा पीडित. नंदिनीदी मात्र विचारात पडल्या. त्यांचं म्हणणं, त्याला चप्पल लागली हे खरं आणि ती का लागली हेही खरं, आपण दोन्ही लिहायचं. दहिया एवढंच म्हणाला, "मैडम, वो आदमी झूठ नहीं बोल रहा था. उसे सच में अलग बात लगती है." मला हे त्या वेळी पटलं नव्हतं. आता वाटतं, आमच्या सगळ्या अभ्यासात इतकं नेमकं वाक्य दुसरं कुणी बोललं नाही.

*

नवीन मुलींना शिकवताना मी एक संवाद हमखास सांगते. एका बाईला मी विचारलं होतं, "आपके साथ घर में कभी मारपीट हुई?"

"ना दीदी, कभी नहीं."

"थप्पड़?"

"वो तो हाँ."

"धक्का दिया? बाल खींचे?"

"हाँ, वो भी. गुस्से में."

"कुछ फेंक के मारा?"

"प्रेशर कुकर का ढक्कन. पर लगा नहीं, मैं झुक गई थी."

मी पेन खाली ठेवलं. "तो फिर मारपीट हुई ना?"

ती माझ्याकडे पाहून समजुतीने हसली. "ना दीदी. मारपीट तो सामने वाले घर में होती है."

समोरच्या घरातल्या बाईशी दुपारी बोलले. तिने याच घराकडे बोट दाखवलं.

*

दिल्लीत द्वारकेला आमच्या सोसायटीत आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमची हेल्थमध्ये आहे." परिणाम असा की रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू बीपीचं मशीन घेऊन हजर. मी एकदाचं खरं काय ते सांगून टाकलं. काकूंनी मशीन पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "अगं, पण असलं आपल्या लोकांत नसतं ना?"

मी म्हटलं, "तेच तर विचारायला जातो, काकू. सगळे हेच सांगतात."

तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये भेटल्या की फक्त हवेबद्दल बोलतात. अच्छा, आज पोल्यूशन फार आहे नाही, वगैरे.

*

एका टप्प्यावर कँटोन्मेंटमधल्या फौजी कुटुंबांतही थोड्या मुलाखती करायच्या होत्या. मराठी घरं माझ्याकडे आली. मला वाटलं, चला, हे सोपं. आपली भाषा, आपली माणसं. साताऱ्याकडची एक बाई होती, तिशीची, हसरी. चहा झाला, गावच्या गप्पा झाल्या, मुलगा शाळेत, नवरा बाहेरगावी. मी प्रश्नांना हात घातला आणि मलाच अडखळायला झालं. हिंदीत घडाघडा विचारलेले प्रश्न मराठीत तोंडातून निघेनात.

ती बशी बाजूला सारून म्हणाली, "ताई, हिंदीतच विचारा. मराठीत आईला सांगितल्यासारखं होतंय, मग मला रडू येईल."

आम्ही दोन मराठी बायका त्या क्वार्टरमध्ये तासभर हिंदीत बोललो. निघताना मात्र तिने मराठीत विचारलं, "जेवून जाणार ना?" मी जेवले. फार वाईट वाटत होतं आणि पिठलं फार छान झालं होतं.

*

हा शेवटचा किस्सा फरीदाबादचा. त्या दिवशी दहियाला ताप होता, म्हणून आम्ही दोघीच गेलो. कविता आत सुनेशी बोलत होती. सासू व्हरांड्यात खाटेवर बसलेली, तिला गुंतवणं माझ्याकडे. साठी उलटलेली, काटक, डोळे अगदी स्वच्छ. मी तिला गुडघ्यांबद्दल विचारत होते आणि ती एकेक शब्दात उत्तर देत होती.

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. मुलगा. त्याची शिफ्ट लवकर सुटली होती. आत कविता कुठल्या प्रश्नावर असेल हे मला ठाऊक होतं, आणि तिला ओरडून सांगायची सोय नव्हती.

म्हातारीने जागचं न हलता पाय लांब केले. दाराची वाट बंद झाली.

"अंदर मत जा," ती मुलाला म्हणाली. "जाँच चल रही है."

"कैसी जाँच?"

"औरतों की. जा, दूध ले आ."

तो दोन पावलं पुढे आला. माझ्याकडे पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं. मग कुरकुरत मोटरसायकल वळवून गेला.

म्हातारीने पाय वर घेतले. म्हणाली, "घुटने छोड़ बेटी. अंदर जो पूछ रहे हो, वो मुझसे पूछ."

मी सावरून म्हटलं, "अम्माजी, वही सेहत के सवाल हैं."

"कल बगल वाले घर में पूछ रही थी ना तुम लोग? दीवार पतली है."

म्हणजे तिला कालपासून सगळं माहीत होतं, आणि तरी तिने आज आम्हाला घरात घेतलं होतं. मी खरं तेच सांगितलं, की अम्माजी, ते प्रश्न आम्ही एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्याच बायकांना विचारतो, तुमचं वय त्यात बसत नाही.

तिने पदर डोक्यावर नीट घेतला, फाटकाकडे एकदा पाहिलं आणि खाटेवर माझ्याजवळ सरकली.

"तो उनचास लिख दे," ती म्हणाली. "जो बताऊँगी, तब का ही बताऊँगी."