पेवात लपलेली धाकटी

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी उन्हाळ्यात तलवाड्याला काकांकडे येई. आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, मुलीला अशा शाळेत घालणं नवलच, म्हणून चुलत भावंडं मला मडम म्हणत. मी फारशी बोलत नसे. लपाछपीची तर धास्तीच होती. एकदा बोटांच्या फटीतून बघताना सापडले, तर दिवसभर ‘चोरटी मडम’ ऐकावं लागलं होतं.

त्या दुपारी राज्य माझ्यावर होतं. गोठ्याच्या भिंतीशी आकडे मोजताना मी पुन्हा फटीतून पाहिलं. काकूची धाकटी, सहा वर्षांची, आतल्या खोबणींत पाय देत पेवात उतरत होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. त्याच्या तोंडावरचा दगड नुकताच काढला होता. लगेच तिकडे गेले तर माझी चोरी कळली असती. म्हणून मी आधी थोरल्या चुलत भावाला शोधलं.

तेवढ्यात गडी पोती घेऊन आला.

“आजच काढायची का ज्वारी?” भावानं विचारलं.

“आज? लई वर्सांनी उघडलंय. आत वाफ कोंडलीय, उतरला त्यो वर येत न्हाई. उद्या कंदील सोडून बघू.”

तरी चोरी उघडी पडेल म्हणून मी आधी नुसती पेवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “धाकटी आत आहे.”

“थट्टा करतीस व्हय, मडम?” भाऊ हसला. गडी मात्र पोती टाकून धावला. हाका मारल्या, आतून उत्तर नाही. दोरीनं कंदील सोडला, तो हातभर खाली जाताच विझला. काकू ओरडत आली. गड्यानं कमरेला दोरी बांधली, छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. काका आणि भाऊ दोरी धरून उभे होते. ती ढिली पडली. मग हिसका बसला.

“वढा! वढा!” काका ओरडले.

धाकटी गड्याच्या खांद्यावर होती, ओठ निळे. काकूनं तिला सावलीत पालथी धरून पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं ती खोकली आणि रडू लागली.

काकूनं तिला छातीशी धरूनच मला विचारलं, “तुला कवा दिसली गं?”

“आत्ताच,” मी म्हणाले. “उतरताना.”

“देवासारखं बघितलंस, बाई,” म्हणत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. भावानंही त्या सुट्टीत मला पुन्हा मडम म्हटलं नाही.